करोडगिरी ते टीजी १८ : आपल्या भागातील मोटारीच्या कागदांची कुळकथा

गणपतीच्या दहा दिवसांत आपल्या मंडळाच्या मांडवाबाहेर ज्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्या नंबरप्लेट कधी सावकाश वाचून पाहा. एखाद्या जुन्या जीपवर किंवा स्कूटरवर ‘एपी ०१’ दिसेल. शेजारच्या मोटारसायकलवर ‘टीएस ०१’, तिच्यापुढच्या मोटारीवर ‘टीएस १८’ आणि अजून हार सुकलेला नाही अशा कोऱ्या गाडीवर ‘टीजी १८’. या चारही गाड्या निर्मलच्याच, बहुधा एकाच गल्लीतल्या. त्यांच्यात मिसळून आरतीला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या असतात. ‘एमएच २६’ म्हणजे नांदेड, ‘एमएच २९’ म्हणजे यवतमाळ, ‘एमएच ३४’ म्हणजे चंद्रपूर.

आदिलाबाद जिल्ह्याचा क्रमांक आंध्र प्रदेशात ०१ होता, म्हणून एपी ०१. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले आणि एपीचे टीएस झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी निर्मल स्वतंत्र जिल्हा झाला आणि ०१ चे १८ झाले. मार्च २०२४ पासून टीएसचे टीजी झाले. दहा वर्षांत तीन बदल, आणि माणसे व घरे मात्र जागच्या जागी! आपल्या भागाचा राजकीय इतिहास शिकवायला शाळेच्या पुस्तकाइतकाच हा मांडवाबाहेरचा वाहनतळ उपयोगी आहे.

आपल्यापैकी बहुतेकांचे एक पाऊल निर्मलमध्ये आणि दुसरे नांदेड, किनवट, भोकर किंवा यवतमाळमध्ये असते. लेक तिकडे दिलेली, सून तिकडून आणलेली, शेत इकडे आणि आजोळ तिकडे. त्यामुळे गाडीही कधी तिकडे घेतलेली असते आणि वापरली जाते इकडे. अशा गाडीच्या कागदांची हेळसांड आपल्या समाजात फार होते. ती का होते आणि कागदांचे हे नियम आले तरी कुठून, याचा मागोवा या लेखात घेतला आहे. शेवटी थोडा व्यवहारही सांगितला आहे, कारण इतिहासाचा उपयोग व्हायचा तर तो घरापर्यंत पोहोचायला हवा.

तेव्हाची सीमा दुसरीकडे होती

आज आपण ‘सीमा’ म्हणतो ती भैंसा ओलांडून भोकरच्या दिशेला निघाल्यावर लागते. निझामाच्या काळात ती तिथे नव्हतीच. निर्मल हैदराबाद संस्थानात होते आणि नांदेडही हैदराबाद संस्थानातच. भैंसा, मुधोळ आणि कुबीर हा भाग तर नांदेड जिल्ह्यातच मोडत असे. निर्मलहून नांदेडला जाणारा माणूस राज्याच्या पोटातल्या पोटात फिरत होता.

खरी सीमा होती ती उत्तरेला पैनगंगेवर. निर्मलहून महबूब घाट चढून आदिलाबादकडे गेले आणि पुढे पैनगंगा उतरली की इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड सुरू होई. तिथे कायदा वेगळा, नाणे वेगळे. पश्चिमेला मनमाडपाशी तीच अवस्था. मुंबईच्या बंदरात उतरलेला माल मनमाडला आला की तिथून गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेने निझामाच्या हद्दीत शिरे. १९०० च्या सुमारास सुरू झालेला हा मार्ग औरंगाबाद, नांदेड, बासर, निजामाबाद करत सिकंदराबादला जाई. निर्मल गावाला तेव्हा रेल्वे नव्हती आणि आजही नाही. म्हणून आपल्याकडे रस्त्याला आणि रस्त्यावरच्या वाहनाला पहिल्यापासून मान आहे.

मोटार त्या काळी पूर्णपणे परदेशी वस्तू होती. इंग्लंड किंवा अमेरिकेत तयार झालेली गाडी बोटीने मुंबईला येई. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. तरीही सुटे भाग बाहेरूनच येत. गाडी मुंबईच्या बंदरात उतरली की ब्रिटिश हिंदुस्थानची समुद्री जकात लागे आणि निझामाच्या हद्दीत आली की निझामाची जकात वेगळी.

या दुसऱ्या जकातीला आपल्याकडे ‘करोडगिरी’ म्हणत. आजी-आजोबांच्या बोलण्यात हा शब्द अनेकांनी ऐकला असेल. हद्दीवरचा नाका म्हणजे करोडगिरीचा नाका. १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनी आणि निझाम यांच्यात व्यापाराचा तह झाला, त्यात आयात मालावर शेकडा पाच असा जकातीचा दर ठरला होता. संस्थानाच्या तिजोरीत या खात्याचा पैसा मोठा असे. कापूस असो, कापड असो की मोटार, हद्द ओलांडायची तर नाक्यावर थांबणे भाग होते.

हाली आणि कलदार

जकातीखेरीज नाण्याचाही घोळ होता. संस्थानचा रुपया तो ‘हाली सिक्का’ आणि इंग्रजांचा तो ‘कलदार’. सरकारी हिशोबात १०० कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा दर धरत. सोप्या भाषेत, सहा कलदाराला सात हाली. समजा, मुंबईत एखाद्या मोटारीची किंमत ३,००० कलदार सांगितली, तर निर्मलच्या गिऱ्हाइकाला घरातून ३,५०० हाली मोजावे लागत. त्यावर शेकडा पाच करोडगिरी धरली तर आणखी १७५ हाली, आणि रेल्वेचे भाडे, हमाली, चालकाचा खर्च वेगळा. अशी गाडी घेणारे म्हणजे जहागीरदार, मोठे वकील, जिनिंगवाले नाहीतर सरकारी अधिकारी.

सर्वांत मोठे गिऱ्हाईक अर्थातच खुद्द निझाम. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निझामांची पिवळी रोल्स रॉइस आजही जपून ठेवली आहे. हैदराबादला गेलात तर मुलांना ती जरूर दाखवा. ती फारच थोडी चालली, कारण ती प्रवासाला नव्हतीच, मिरवायला होती.

सामान्य माणसाच्या वाट्याला मोटार आली ती बसच्या रूपाने. निझामाच्या सरकारी रेल्वेने जून १९३२ मध्ये रस्ते वाहतूक खाते सुरू केले, तेव्हा २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. याच खात्यातून पुढे आंध्र प्रदेशचे आणि नंतर तेलंगणाचे एसटी महामंडळ आले. आपल्या बसच्या नंबरात ‘झेड’ हे अक्षर दिसते. निझाम मीर उस्मान अली खान यांच्या मातोश्री झेहरा बेगम यांच्या नावाचे ते आद्याक्षर आहे, असे सांगतात. निझामाच्या आईची आठवण रोज निर्मल डेपोतून सुटणाऱ्या बसवर फिरते आहे, याची प्रवाशांपैकी किती जणांना कल्पना असेल?

१९५६ : घरातून गेलेली रेषा

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ एप्रिल १९५० पासून संस्थानांच्या तिजोरीचे केंद्राशी एकीकरण सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत करोडगिरीचे नाके उठले. हाली सिक्का मात्र काही काळ भारतीय रुपयाबरोबर चालत राहिला आणि १९५० च्या दशकाअखेर इतिहासजमा झाला. पैनगंगेवरची जुनी सीमा अशी पुसली गेली. आता हवे तिकडे गाडी न्या, कोण अडवणार, असे लोकांना वाटले असेल.

पण लगेच दुसरी रेषा आली. राज्य पुनर्रचना कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या पायावर नवी राज्ये झाली. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात आली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल मंडळेही इकडेच राहिली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले.

ज्या नांदेडला जायला कधी सीमा लागत नव्हती, तिथे जाताना आता ती लागू लागली. आपल्या समाजातल्या कित्येक घरांचा अर्धा गोतावळा एका रात्रीत परराज्यात गेला. त्या रेषेवर ना तारेचे कुंपण होते ना पहारा. पायी जाणाऱ्याला किंवा बैलगाडीवाल्याला ती जाणवलीही नसेल. ती जाणवली ती सातबारा, शाळेचा दाखला आणि गाडीचे कागद यांच्यात.

राज्यघटनेने मोटारीची वाटणी कशी केली आहे, हे इथे समजून घेतले पाहिजे, कारण आजच्या साऱ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. परदेशातून गाडी आली तर सीमाशुल्क केंद्राचे. विम्याचा कायदा केंद्राचा. गाडीची नोंदणी आणि चालकाचा परवाना हा मोटार वाहन कायद्याचा विषय. तो कायदा केंद्राचा, पण राबवतात राज्याचे आरटीओ. आणि गाडीवरचा रोड टॅक्स मात्र राज्याचा. तिकडे १९५८ चा मुंबई मोटार वाहन कर कायदा, इकडे १९६३ चा आंध्र प्रदेश मोटार वाहन कर आकारणी कायदा. एकाच गाडीची अशी दोन मालकांत वाटणी झाली. म्हणून विम्याची पॉलिसी निर्मलला काढली तरी ती नांदेडला, पुण्याला आणि काश्मिरातही चालते. टॅक्स मात्र ज्या राज्यात भरला त्या राज्यापुरता. आपल्या भागातल्या माणसाने एवढे एक वाक्य लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

पूर्वी हा टॅक्स तिमाही किंवा वार्षिक असे. तो भरल्याचे गोल टोकन काचेवर लावावे लागे. पुढे एकरकमी कर आला. आपल्याकडे त्याला ‘लाइफ टॅक्स’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘वन टाइम टॅक्स’. दोन्हीकडे तो गाडीच्या किमतीच्या टक्केवारीने घेतात. महाराष्ट्रात पेट्रोल, डिझेल, सीएनजी यांचे दर वेगवेगळे असतात, आपल्याकडे किमतीच्या टप्प्यावर भर असतो. हे दर सरकार मधूनमधून बदलते, त्यामुळे गाडी घेण्याच्या दिवशीचा दर शोरूममध्ये आणि आरटीओत विचारूनच हिशोब करावा.

रांगेतली गाडी

स्वातंत्र्यानंतर परदेशी मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली आणि देशी कारखान्यांना वाव मिळाला. त्यात मराठी माणसाला ओळखीचे नाव म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फिएट आणि तिचीच प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. कोलकात्याकडून अँबेसेडर आली. आपल्या जंगल-घाटाच्या भागात मात्र खरी राणी होती ती जीप.

अडचण अशी की पैसे असले तरी गाडी मिळत नसे. १९५९ च्या सरकारी आदेशाने मोटारींच्या वाटपावर नियंत्रण आले आणि स्कूटरवरही. पोस्टात अनामत भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. पुण्याच्या बजाज स्कूटरसाठी तर मुलगा कॉलेजात गेला की नंबर लावत आणि त्याचे लग्न ठरेपर्यंत ती येईल अशी आशा धरत. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे, म्हणून परदेशी असलेल्या नातेवाइकाला भाव होता.

या टंचाईने आपल्याला एक सवय लावली. नवी गाडी मिळत नाही, म्हणून जुनी घ्यायची. वाटपावरचे नियंत्रण असल्याने नवी मिळालेली गाडी लगेच विकायला बंधन होते, म्हणून व्यवहार तोंडी करायचा आणि कागद मूळ मालकाच्या नावावर ठेवायचा. ‘आपल्याच माणसाची गाडी आहे, नावाचे काय एवढे’ हे वाक्य त्या काळात घराघरांत रुजले. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पुढे रांग संपली, नियंत्रण गेले, शोरूम दारात आले. सवय मात्र राहिली.

विमा कोणासाठी

आता विम्याचा इतिहास. १९१४ च्या मोटार कायद्यात नोंदणी आणि परवाना होता, सक्तीचा विमा नव्हता. रस्त्यावर मोटारीखाली कोणी सापडला तर त्याच्या घरच्यांनी दिवाणी दावा लावायचा. मालकाकडे पैसे असले तर ठीक, नाहीतर निकाल हातात घेऊन बसायचे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात सक्तीच्या विम्याचे प्रकरण आले. ते प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अमलात आले. गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई मिळालीच पाहिजे, एवढ्यासाठी तो विमा. यालाच आपण ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. १९५१ पासून केंद्राचे बहुतेक कायदे हैदराबादसारख्या राज्यांनाही लागू झाले.

१९५६ च्या दुरुस्तीने अपघात-भरपाईसाठी वेगळी न्यायाधिकरणे नेमण्याची सोय झाली. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. त्यातली न्यू इंडिया ही कंपनी १९१९ साली मुंबईत सर दोराबजी टाटांनी सुरू केलेली. २००० नंतर खासगी कंपन्या पुन्हा आल्या. १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. कारण पहिले वर्ष संपले की लोक विमा काढायचे विसरत किंवा विसरल्याचे दाखवत.

आपल्यासारख्या सीमेवरच्या लोकांसाठी १९९४ ची दुरुस्ती फार मोलाची आहे. त्याआधी भरपाईचा अर्ज जिथे अपघात झाला तिथल्याच न्यायाधिकरणात करावा लागे. अपघात किनवटला आणि विधवा निर्मलला, असे असले तरी हेलपाटे तिनेच घालायचे. १९९४ नंतर ती आपल्या राहत्या जिल्ह्यातही अर्ज करू शकते. रेषा पुसणे कायद्याला जमले नाही, पण रेषेमुळे होणारा त्रास त्याने एवढा तरी कमी केला. मात्र आता अर्जाला मुदत आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज केला पाहिजे. ही गोष्ट आपल्या ओळखीच्या प्रत्येक घरात सांगून ठेवावी.

एक घरची गोष्ट

ही गोष्ट लिहावी की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ज्यांच्याबद्दल आहे त्यांनीच ‘लिही, कोणाचे तरी भले होईल’ म्हटले म्हणून लिहितो.

नव्वदीच्या दशकात नांदेडच्या माझ्या मावसभावाने त्याची मारुती मला दिली. पैसे चुकते केले, चहा झाला, गाडीला हळदकुंकू वाहून मी ती निर्मलला आणली. नाव बदलायचे तर तिकडची एनओसी आणा, इकडे टॅक्स भरा, म्हणून ते राहून गेले. दोन-तीन वर्षांनी मी ती गाडी एका मध्यस्थामार्फत भैंशाकडच्या गिऱ्हाइकाला विकली. कोऱ्या फॉर्मवर मावसभावाच्या सह्या आधीच घेतलेल्या होत्या, त्या मध्यस्थाला दिल्या. पुढे ती गाडी कोणाकडे गेली, विम्याचा हप्ता कोणी भरला, मला ठाऊक नाही.

एक दिवस नांदेडला मावसभावाच्या दारात कोर्टाची नोटीस आली. त्या गाडीने एका सायकलस्वार मजुराला उडवले होते आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला होता. विमा संपलेला होता. आरसीवर नाव मावसभावाचे. ज्या माणसाने त्या गाडीला पाच-सहा वर्षांत हातही लावला नव्हता, त्याला वकील द्यावा लागला, तारखांना जावे लागले आणि अखेर पैसे भरावे लागले. मी माझा वाटा उचलला, पण दोन्ही घरांतला अबोला काही वर्षे टिकला. मावशीच्या तेराव्याला आम्ही पुन्हा बोललो.

त्या वेळी मला वाटत होते की मावसभावावर अन्याय झाला. आज तसे वाटत नाही. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हाच प्रश्न सोडवला. गाडी एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी विकत गेली, नाव कोणीच बदलले नाही आणि अपघात झाला. न्यायालयाने सांगितले की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. जखमी माणसाने गाडी कोणाकोणाच्या हातून गेली याचा शोध घेत फिरायचे नाही. हे वाचले तेव्हा मला तो मजूर आठवला. आम्ही भाऊ-भाऊ एकमेकांवर रुसलो, पण त्याचा विचार आमच्यापैकी कोणी केला होता? वेळेवर विमा भरला असता तर त्याला विमा कंपनीकडून लवकर पैसे मिळाले असते. थर्ड पार्टी विमा आपल्या गाडीसाठी नसतो, त्या सायकलवाल्यासाठी असतो.

आपल्या माणसांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी

आता जे मला उशिरा कळले ते तुम्हाला आधीच सांगतो.

महाराष्ट्रातली गाडी इकडे आणली आणि ती इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथला नवा नंबर घ्यावा लागतो. पाहुणे म्हणून येणाऱ्या गाडीला हा नियम लागत नाही. टॅक्स केव्हापासून लागतो ते राज्याच्या कर-कायद्यावर ठरते, म्हणून गाडी आणल्याच्या पहिल्याच महिन्यात आरटीओत चौकशी करावी.

क्रम असा ठेवावा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवून फॉर्म ३५ घ्यावा. थकलेले ई-चलान भरावेत. मूळ आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी घ्यावी. विक्री असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर दोघांनी सह्या कराव्यात. कोऱ्या फॉर्मवर सही कधीही करू नये. मग इकडच्या आरटीओत फॉर्म २७ देऊन नवा नंबर घ्यावा आणि गाडीच्या वयाप्रमाणे लाइफ टॅक्स भरावा. तिकडे भरलेल्या वन टाइम टॅक्सपैकी उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो. तो आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि आळसापायी बहुतेक लोक तो सोडून देतात.

जुनी गाडी दुकानातून घेत किंवा विकत असाल तर तो अधिकृत डीलर आहे का ते पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून फॉर्म २९-सी देऊन गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिल्याचे कळवले की ती त्याच्या ताब्यात असेपर्यंत तोच मालक मानला जातो. माझ्या वेळी ही सोय असती तर वर सांगितलेली गोष्ट घडली नसती.

विम्याचे तीन मुद्दे. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे जातो असे कायदा मानतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. म्हणून चौदा दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी. दुसरे, नो क्लेम बोनस हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकताना तो राखून ठेवण्याचे पत्र घेतले तर नव्या गाडीला उपयोगी पडतो. तिसरे, मोटारीच्या विम्याचा हप्ता गाडी कुठे नोंदली आहे त्यावरही ठरत आला आहे. हैदराबाद, मुंबई, पुणे अशी मोठी शहरे एका विभागात आणि निर्मल, नांदेड दुसऱ्या विभागात येतात. हैदराबादहून गाडी इकडे नोंदवून आणली तर कंपनीला कळवून हप्ता तपासून घ्यावा. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे, पण मोठी भीती दंडाची नाही, त्या सायकलवाल्याची आहे.

आयातीबद्दलही थोडे. निर्मल, निजामाबाद, करीमनगर या पट्ट्यातली कितीतरी मुले आखातात काम करतात. ‘तिकडे गाडी स्वस्त आहे, येताना घेऊन येऊ का’ असे त्यांच्यापैकी कोणीतरी विचारतेच. आणू नये. तिकडच्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते, आणि आपल्या आयात नियमांना ते उजवीकडे हवे. जुनी गाडी तीन वर्षांपेक्षा जास्त वयाची चालत नाही. त्यात सीमाशुल्क इतके की गाडीच्या किमतीइतकीच रक्कम पुन्हा मोजावी लागू शकते. आखातात वाचवलेले पैसे इकडच्या शोरूममध्ये जास्त उपयोगी पडतात.

शेवटी

कल्याणहून निघणारा जुना राष्ट्रीय महामार्ग २२२ अहमदनगर, परभणी, नांदेड करत निर्मलला येऊन संपत असे. आता त्याचा नंबर ६१ आहे. मला नेहमी वाटते, मराठी मुलखातून निघालेला हा रस्ता आपल्या गावाशी येऊन थांबावा, यात आपली ओळख आहे. त्या रस्त्यावर करोडगिरीचा नाका नाही, हाली-कलदारचा हिशोब नाही, वाटपाची रांग नाही. आजोबांना जे अडले ते आपल्याला अडत नाही. उरले आहेत ते चार फॉर्म आणि एका फेरीचा कंटाळा.

मांडवाबाहेर गाडी लावाल तेव्हा एकदा आरसी उघडून पाहा. त्यावर नाव कोणाचे आहे? ते नाव तुमचे नसेल आणि तिकडच्या भावाचे, मेहुण्याचे किंवा मित्राचे असेल, तर गणेशविसर्जन झाले की पहिले काम ते करा. विघ्नहर्त्यासमोर गाडीला नारळ फोडताना काही विघ्ने आपणच टाळायची असतात, एवढे ध्यानात ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!